स्टँडासमोरचं वाचनालय

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय एसटीच्या थांब्यासमोर, ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत होतं. दिग्रसहून पुसदकडे जाणारी गाडी तिथेच थांबते, त्यामुळे गावातली सगळ्यांत मोक्याची जागा तीच. एक मोठी खोली, तिला लागून एक लहान खोली, पुढे पत्र्याची पडवी. सकाळी पडवीत म्हातारी मंडळी पेपर वाचत. दुपारी आतल्या खोलीत पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या मुली बसत. मी या दोन्हींत मोडत नव्हते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी तिथून एखादी कादंबरी आणत असे. ती भाजीच्या पिशवीतूनच घरी यायची. घरात कोणी हरकत घेतली नाही, कोणी काय वाचतेस म्हणून विचारलंही नाही.

तीनेक वर्षांपूर्वी पेरण्या आटोपल्यावर मी पुस्तक बदलायला गेले, तर ग्रंथपाल पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधत बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं कमी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"खोली खाली करा म्हणून निरोप आला, वहिनी. इथं दुकानाचे गाळे काढून राह्यले. वाचनालय नाल्याकाठच्या जुन्या शाळेत न्या म्हणतात."

"त्या शाळेत तर लाइट नाही."

"थे मी सांगून आलो. पाहू म्हणले."

त्यांनी माझं जुनं पुस्तक घेतलं आणि बांधलेल्या गठ्ठ्यातून एक काढून मला दिलं. मी घरी आले. पुस्तक त्या आठवड्यात उघडलं गेलं नाही.

गाळे कोणाला मिळणार हे मला ग्रंथपालांपेक्षा आधी ठाऊक असायला हवं होतं, कारण त्यातला एक माझ्या दिरांना हवा होता. माझे धाकटे दीर कृषी केंद्र चालवतात. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्यांचं दुकान आतल्या गल्लीत, तिथे मालाची गाडी वळत नाही. स्टँडासमोर जागा मिळावी म्हणून ते कधीपासून धडपडत होते. आमची शेती एकत्र आहे, चुली वेगळ्या. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी विषय काढला.

"भाऊजी, वाचनालय उठवताहेत म्हणे."

"उठवत नाही वहिनी, हलवून राह्यले. तठी येते कोण? चार म्हातारे पेपर चाळतात अन् घोरतात."

"मुली येतात."

"पोट्ट्या मोबाइलवर अभ्यास करतात आता."

माझे यजमान कपबशीत पाहत होते. दीर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "भावाच्या पोटावर येईन असं काही करू नको." मी कपबशा उचलून आत नेल्या.

सुरुवातीला मी काही केलंच नाही. केलं ते मुलींनी. त्यांनी वाचनालयाचे फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवले. गावानं ते पाहिले, पसंतीच्या अंगठ्यांची चिन्हं पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो आले. मग पडवीत पेपर वाचणाऱ्यांपैकी एक निवृत्त मास्तर म्हणाले, आपण निवेदन देऊ. त्यांनी सुवाच्य अक्षरात निवेदन लिहिलं, आम्ही सह्या केल्या, ते ग्रामपंचायतीत दिलं आणि पोच घेतली. मास्तरांना पोच मिळाल्याचं फार समाधान वाटलं. पंधरवडा गेला, काही झालं नाही.

शेवटी मी सरपंचबाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाच्या, बारावी शिकलेल्या. गावात लोक म्हणत की कारभार त्यांचा नवरा पाहतो. मी गेले तेव्हा नवरा अंगणात ट्रॅक्टर धूत होता आणि त्या आत बसून ग्रामपंचायतीचे कागद वाचत होत्या. त्यांनी मला बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"काकू, तुमचं निवेदन वाचलं मी. पण गाळ्यांचं भाडं आलं तर नळाची मोटर चालते. तुमच्याच गल्लीत पाणी येत नाही म्हणून तुम्हीच बोंबलता नं?"

पाण्यासाठी मीही ओरडले होते.

"मग काहीच होऊ शकत नाही का?"

"मासिक सभेत ठराव झाला हाये. ग्रामसभेत मंजूर व्हायचा हाये. ऑगस्टात ग्रामसभा हाये, तठी या. माणसं घेऊन या. निवेदनानं काही होत नसते, हात वर लागतात." मग त्या म्हणाल्या, "अन् त्याच्या आधी महिला सभा असते. थे कोणी ध्यानात घेत नाही."

ते खरं होतं. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्याकडे त्या सभेचा प्रकार असा, की ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर यायचा, आम्ही पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं सही करायचो, आणि सभा झाली. मोठ्या ग्रामसभेचंही निराळं नव्हतं. पुरेशी माणसं जमायची नाहीत, कोरम नाही म्हणून सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पुढच्या आठवड्यात पाच-दहा जण बसून सगळे ठराव मंजूर करून उठायचे. यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. लोक यायचे नाहीत, म्हणून तसं चालायचं.

मी मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बाया सभेला येतील?" मी म्हटलं, विचारून पाहते.

पहिल्या बैठकीला आमच्या ओसरीवर त्या अभ्यास करणाऱ्या मुली आल्या, ग्रंथपालांची बायको आली, आणि तांड्यावरची एक बाई आली. तिला मी चेहऱ्यानं ओळखत होते. तिची मुलगी वाचनालयात अभ्यासाला बसायची आणि ही रोज तिला स्कूटीवर सोडायची. आमच्या गावाला लागून बंजारा समाजाचा तांडा आहे. ग्रामपंचायत एकच आहे, पण तांड्याचे लोक सभेला आलेले मी पाहिले नव्हते. त्या बाईची स्वतःची शेती आहे, कापूस आणि तूर. बोलायला खणखणीत. ती आल्या आल्या म्हणाली,

"बाई, एक सांगा. आमच्या तांड्याची नावं याच ग्रामपंचायतीच्या यादीत हायेत का नाई?"

"आहेत."

"मंग आमाले कोणी बोलावत काहून नाही?"

मुली माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "मी बोलावते आहे."

"तुमी इथं बसून बोलावता. तठी येऊन बोलवा."

म्हणून मी तांड्यावर गेले. इतकी वर्षं या गावात राहून त्या दिवशी पहिल्यांदा. बायका शेतातलं निंदण-खुरपण करून परतल्यावर देवळासमोरच्या ओट्यावर जमल्या. मी घरून वाचनाच्या महत्त्वाबद्दल चार वाक्यं जुळवून नेली होती. सुरुवात केली, तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली,

"मले वाचता येत नाई. मी कायले हात वर करू?"

स्कूटीवाल्या बाईची मुलगी मधे पडली. "आजी, आम्ही तठी अभ्यास करतो नं."

"मंग तू ये. तुले हात नाई का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मागे एक तरुण सून मूल मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी गाडीची वाट पाहत आमी उन्हात उभ्या राहतो. माणसं त कुठंही जातात. बाईमाणसानं कुठं जावं? त्या वाचनालयाच्या तठी एक संडास-मोरी करून द्या, बसाले बाकडं द्या. मंग मी त येतो हात वर कराले."

म्हातारी लगेच म्हणाली, "असं असन त मी बी येतो."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. माझी वाक्यं राहूनच गेली. परत येताना मला थोडी निराशा वाटली हे खरं. पुस्तकांसाठी निघाले होते आणि हाती संडासाची मागणी आली होती. पण घरी पोचेपर्यंत लक्षात आलं, की मुली दुपारी चार वाजताच वाचनालयातून का उठतात याचं कारणही तेच होतं. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मग आम्ही रोज संध्याकाळी एकेक गल्ली घेतली. ग्रंथपालांची बायको या कामात सगळ्यांत तरबेज निघाली. कोणाच्या घरी सासू ऐकते, कोणाच्या घरी आधी नवऱ्याशी बोलावं लागतं, हे तिला बरोबर माहीत होतं. एक अडचण मात्र सगळीकडे तीच. सभेची वेळ सकाळी अकराची. ऑगस्ट म्हणजे निंदणाचे दिवस. सकाळी अकराला सभेला बसणारी बाई त्या दिवसाची मजुरी सोडून येणार, आणि वाचनालयासाठी मजुरी सोडा असं सांगायची माझी हिंमत नव्हती.

मी पुन्हा सरपंचबाईंकडे गेले. त्या ग्रामसेवकाशी फोनवर बोलल्या. ग्रामसेवक म्हणाले, आजवर सकाळीच होत आली आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "होत कुठं आली, साहेब? सह्या होत आल्या." महिला सभेची वेळ संध्याकाळी पाचची ठरली. सरपंचबाई गाळ्यांच्याच बाजूच्या होत्या, शेवटपर्यंत. पण वेळ त्यांनी बदलून दिली.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात बायका येत राहिल्या. काहींच्या हातात खुरपं होतं, पायाला चिखल होता. शिपायानं एकच सतरंजी अंथरली होती. ती भरली, मग बायका मातीवर बसल्या. तांड्याच्या बायका एकत्र चालत आल्या आणि एका कडेला बसल्या. ग्रंथपालांची बायको उठून त्यांच्यात जाऊन बसली, मग आमच्या गल्लीतल्याही दोघी-तिघी सरकल्या. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले होते, त्यांना सह्या घ्यायलाच बराच वेळ लागला.

ठराव एका मुलीनं वाचला. वाचनालय आहे त्याच जागी राहावं, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आणि बसायची सोय व्हावी.

ग्रामसेवक म्हणाले, "हा विषय अजेंड्यावर नाही."

"आयत्या वेळचे विषय असतात नं?" तांड्याची बाई म्हणाली.

"असतात. पण अध्यक्षांची परवानगी लागते."

अध्यक्ष सरपंचबाईच होत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या लिहून."

हात वर झाले. मी मोजले नाहीत. ती म्हातारी दोन्ही हात वर करून बसली होती आणि तिला कोणीतरी सांगत होतं, आजी, एकच.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर मोठी ग्रामसभा होती. सभा तहकूब होईल या हिशेबानं बरेच पुरुष घरी जायच्या तयारीत होते. पण कालच्या बायकांपैकी पुष्कळशा पुन्हा आल्या, सुट्टीमुळे मुलीही होत्या, आणि कोरम भरला. मास्तर खुर्चीवर ताठ बसून होते. माझे यजमान मागे कडुनिंबाखाली उभे होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

महिला सभेचा ठराव वाचून झाल्यावर माझे दीर उठले. ते बोलायला चांगले आहेत.

"गावाचा विकास पाह्यजे का नाई? पाणी पाह्यजे का नाई? ग्रामपंचायतीजवळ उत्पन्न नाई. अन् वाचनालय कोणी बंद करत नाई, फक्त हलवून राह्यलो. आमच्या वहिनी पुस्तकं वाचतात, चांगली गोष्ट हाये. पण एका माणसाच्या आवडीसाठी गावानं पाणी सोडावं का?"

लोक हसले. सगळे माझ्याकडे वळले. मला सभेत बोलायची सवय नव्हती. तरी उभी राहिले.

"भाऊजी म्हणतात ते पाण्याचं खरं आहे. पण गाळे खाली काढा आणि वाचनालय वर चढवा. खाली दुकानं, वर वाचनालय. जागा तीच राहील. कोणालाच नाल्याकाठच्या शाळेत जावं लागणार नाही."

हे मी आधी ठरवून आले नव्हते. आदल्या दिवशीच्या ठरावात हे नव्हतं, त्यामुळे आमच्याच काही मुली माझ्याकडे रागानं पाहत होत्या. मास्तर उठले आणि म्हणाले, "आम्हाला जिना चढवत नाही." त्यावर कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमी पेपर खालीच चहाच्या टपरीवर वाचा." पुन्हा हशा झाला. मास्तर बसले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही, मीसुद्धा.

तांड्याची बाई उभी राहिली. "वर करा, खाली करा, पण संडास आधी लिहा. नाहीतर आमी हात वर करणार नाही."

तिच्या मागच्या बायका हो म्हणाल्या. एवढी माणसं हात खाली ठेवून बसली तर ठराव होणार नाही हे सरपंचबाईंना दिसत होतं. त्या ग्रामसेवकांकडे वाकल्या, दोघं हळू आवाजात काही बोलले, आणि मग त्यांनी नवा ठराव सांगितला. खाली गाळे, वर वाचनालय, मागच्या बाजूला महिलांसाठी स्वच्छतागृह. विरोधात थोडे हात वर झाले, त्यात माझ्या दिरांचा नव्हता. बाजूनं बरेच झाले. माझ्या यजमानांनी दोन्ही वेळा हात खिशातच ठेवला. घरी गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "मी पाहाले गेलतो."

बांधकाम सुरू झालं तेव्हा पुस्तकं कुठे ठेवायची हा प्रश्न आला. जुन्या शाळेत पावसाचं पाणी शिरलं होतं. तांड्याचं समाजमंदिर रिकामं होतं, त्या बाईनं ते देऊ केलं. ट्रॅक्टरमधून कपाटं तिकडे गेली आणि वाचनालय वर्षभराहून जास्त काळ तांड्यावर चाललं. मुली तिथे जात होत्या. मीही बाजार झाल्यावर जात होते. पडवीतले म्हातारे मात्र गेले नाहीत. लांब पडतं, असं ते म्हणत. तांडा स्टँडापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मास्तर तेवढे काठी टेकत जायचे. एकदा मी गेले तर ते म्हातारीला आणि आणखी दोघींना मोठ्यानं पेपर वाचून दाखवत होते, आणि म्हातारी प्रत्येक बातमीवर काहीतरी शेरा मारत होती. कापसाच्या भावाची बातमी तिनं त्यांना दोनदा वाचायला लावली.

इमारत झाली. वरची खोली आधीच्या दोन खोल्यांहून मोठी आहे, वारा चांगला येतो. खाली कोपऱ्यातल्या गाळ्यात माझ्या दिरांचं कृषी केंद्र आलं. स्वच्छतागृहाचं काम सगळ्यांत शेवटी झालं. ते पूर्ण होईपर्यंत तांड्याची बाई दर मासिक सभेला जाऊन बाहेर बाकावर बसत असे, काही न बोलता. झाल्यावर त्याला कुलूप लागलं, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, तर जवळचं दुकान म्हणून माझ्या दिरांकडे. सुरुवातीला बायकांना त्यांच्याकडे किल्ली मागायला संकोच व्हायचा आणि त्यांना ती द्यायला. बाजाराच्या दिवशी तर त्यांना गिऱ्हाईक सोडून दर थोड्या वेळानं उठावं लागे. एके दिवशी वैतागून त्यांनी कुलूपच काढून ठेवलं. मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यापायी मी संडासाचा चपराशी झालो होतो." रागानं म्हणाले की गमतीनं, हे मला कळलं नाही. त्यानंतर ते पूर्वीसारखे चहाला येऊ लागले, एवढं मात्र झालं.

पडवीतले बरेचसे म्हातारे परत आले नाहीत. जिना खरोखरच उभा आहे. मास्तर सुरुवातीला चढले, मग त्यांचे गुडघे बोलू लागले. आता ग्रंथपाल सकाळी पेपर खाली आणून टपरीच्या बाकावर ठेवतात. तिथे चहाचे डाग पडतात आणि दुपारपर्यंत पानं सुटी होतात. ही सोय पूर्वीइतकी चांगली नाही. ठराव झाला त्या दिवशी मी हे मान्य केलं होतं का, असं मला मास्तरांच्या मुलानं एकदा विचारलं. मी म्हटलं, हो, केलं होतं.

मुलींपैकी एक पोलिसात लागली, एक ढाणकीला सासरी गेली आणि तिथल्या वाचनालयाबद्दल फोनवर तक्रारी करते. बाकीच्या अजून अभ्यास करताहेत. संध्याकाळी त्या उशिरापर्यंत बसतात.

वाचनालयाच्या सभासदांच्या मागच्या वार्षिक सभेत नवं कार्यकारी मंडळ निवडलं गेलं. जुन्या मंडळातले दोघे गाव सोडून गेले होते, एक नागपूरला मुलाकडे, एक कायमचे. तांड्याच्या बाईचं नाव अध्यक्ष म्हणून मी सुचवलं. एक सभासद म्हणाले, त्या काय वाचतात? ती म्हणाली, "मी हिशोब वाचतो. तुमी कधी वाचला?" हिशोब कोणी वाचला नव्हता. ती निवडून आली, मीही मंडळात आले. पहिल्याच बैठकीत तिनं शेतीचं मासिक लावायचं म्हटलं, मी दिवाळी अंक वाढवायचे म्हटलं, आणि आमचं बऱ्यापैकी भांडण झालं. शेतीचं मासिक लागलं.

यंदा दिग्रसकडच्या एका खेड्यातून काही बायकांनी निरोप पाठवला. त्यांचं वाचनालय बंद पडून तिथे खताची पोती ठेवली आहेत, या आणि सांगा काय करायचं ते. तांड्याच्या बाईनं स्कूटी काढली, मी मागे बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. त्या गावच्या अंगणवाडीत आठ-दहा जणी बसल्या होत्या. मी निवेदनापासून सांगायला सुरुवात केली, तर एक जण म्हणाली, "थे राहू द्या बाई. आमच्या इथं सभा सकाळीच असते अन् तव्हा आमी वावरात असतो."

"मंग आधी सरपंचाले वेळ बदलाले लावा," तांड्याची बाई म्हणाली. "कधी मोकळ्या असता?"

त्या आपसात बोलल्या. सभा सोयाबीन निघाल्यावर, संध्याकाळची मागायची, असं ठरलं.